टॅरोचा नाद खुळा : कोल्हापुरात राहून दुर्मीळ आणि हाताने बनवलेले डेक कसे जमवावेत

साधा टॅरो डेक, म्हणजे ७८ पत्त्यांचा संच (२२ मोठे चित्रपत्ते, ज्यांना मेजर म्हणतात, आणि चार गटांतले ५६ छोटे पत्ते), आता कुठंही मिळतो. ऑनलाइन शोधलं तर हजाराच्या आत डझनभर सापडतात, आणि ज्याला पत्ते वाचायला शिकायचंय त्याचं तेवढ्यात भागतं. हा लेख त्याच्यासाठी नाही. एक डेक हातात आल्यावर दुसऱ्याचा कागद कसा असेल, तिसऱ्याच्या कडांना सोनेरी मुलामा आहे का, चौथा छापायचा बंद झालाय तर आता कोणाकडं मिळेल, असले प्रश्न ज्यांना झोपू देत नाहीत आणि ज्यांनी डेकची खरी किंमत घरात सांगणं सोडून दिलंय, त्यांच्यासाठी आहे.

कोल्हापुरात हा छंद सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग माझं भविष्य बघता का?’ टॅरोचं मूळ भविष्यात नाही, खेळात आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला म्हणून तयार झाले. भविष्याशी त्यांचा संबंध ठळकपणे जोडला गेला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्समध्ये. म्हणून संग्राहकाने पत्त्यांकडं चित्रकला आणि छपाई म्हणून बघितलं तरी काही बिघडत नाही. मी तसंच बघते.

पहिली पायरी : पैसे कशाचे देताय ते आधी ठरवा

विक्रेते तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच जाहिरातीत कालवतात : दुर्मीळ, मर्यादित आणि हाताने बनवलेला. तिन्हींची किंमत वेगळी आणि तपासणीही वेगळी. एवढं वेगळं करता आलं तर निम्मे पैसे वाचतात.

दुर्मीळ म्हणजे आज बाजारात कमी उरलेला. तो हाताने बनवलेला असायलाच हवा असं नाही. उत्तम उदाहरण म्हणजे आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणारा रायडर-वेट डेक. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना सांगितली, पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढली, आणि लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाने १९०९ च्या डिसेंबरात डेक बाजारात आणला. छापखान्यातलाच माल. पण ज्याच्या पाठीवर गुलाब आणि लिलीची नक्षी आहे तो अगदी सुरुवातीचा छाप आज लिलावातच दिसतो. तीच चित्रं मात्र नवीन छपाईत हजार-दीड हजारात मिळतात.

मर्यादित म्हणजे ठरवून कमी छापलेला : पाचशे प्रती, हजार प्रती, डब्यावर किंवा वेगळ्या कार्डावर क्रमांक आणि चित्रकाराची सही. इथं एकच प्रश्न विचारायचा. आवृत्ती मर्यादित आहे की चित्रं? बऱ्याचदा पहिल्या आवृत्तीचा फक्त डबा वेगळा असतो, आणि सहा महिन्यांनी तीच चित्रं नेहमीच्या छपाईत निम्म्या किमतीत येतात. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचा टॅरो १९८४ मध्ये मर्यादित आवृत्तीत निघाला आणि संग्राहकांपुरताच राहिला. २०१९ मध्ये टाशेन या प्रकाशनाने तो पुन्हा छापला आणि कोणालाही घेता येऊ लागला. ज्यांना चित्रं हवी होती त्यांची चंगळ झाली. १९८४ चा डेक असलेल्यांचा डेक मात्र १९८४ चाच राहिला. तुम्ही यातले कोण, हे स्वतःला विचारून ठेवा.

हाताने बनवलेला हा शब्द सगळ्यात सैल वापरला जातो. चित्र हाताने काढलं आणि पत्ते डिजिटल छापले, तरी ‘हँडमेड’. घरी छापून, कात्रीने कापून, कोपरे पंचने गोल केले, तरीही ‘हँडमेड’. खरा हस्तकाम असलेला डेक म्हणजे लाकडी ठशावरून छापलेला, स्टेन्सिलने (कोरलेल्या साच्यातून) रंगवलेला, थर चिकटवून पुठ्ठा घडवलेला, किंवा प्रत्येक पत्ता स्वतंत्र रंगवलेला. पापाची तिकटीला चप्पल घेताना आपण तळ उलटा करून शिवण चामड्याच्या वादीची आहे की दोऱ्याची ते बघतोच ना, तसंच विक्रेत्याला सरळ विचारायचं : हाताने नेमकं काय केलंय? चित्र, छपाई, रंग, कापणी की डबा? प्रामाणिक माणूस एका ओळीत उत्तर देतो. उत्तरात ‘प्रेम’ आणि ‘ऊर्जा’ आली की पुढं जावं.

मिलानच्या इल मेनेगेल्लो या छोट्या प्रकाशनाचे डेक या तिन्ही गोष्टींच्या मधोमध बसतात. ओस्वाल्डो मेनेगाझी यांनी ते सुरू केलं. थोड्या क्रमांकित प्रती, हाताने चिकटवलेले डबे, वर लाखेचा शिक्का. पत्ते छापील, बाकी बांधणी हाताची. या नादात थोडा मुरलेला माणूस कधी ना कधी तिथं पोचतोच.

दुसरी पायरी : दिशा एकच धरा

सगळंच आवडतं म्हणणाऱ्याचा संग्रह होत नाही, साठा होतो. निदान पहिली दोन-तीन वर्षं एक धागा धरावा.

एक धागा जुन्या डेकच्या प्रतिकृतींचा. व्हिस्कोंती-स्फोर्झा हा पंधराव्या शतकाच्या मध्यातला सोन्याच्या वर्खाचा, हाताने रंगवलेला डेक. त्याच्या ७८ पैकी ७४ पत्ते उरलेत : ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारात आणि १३ एका इटालियन घराण्याकडं. सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा स्वार हे चार नाहीत. त्यामुळं प्रतिकृती घेताना हे चार पत्ते कोणी आणि कसे काढलेत ते आधी बघायचं. कच्चा प्रकाशक तिथं लगेच उघडा पडतो. दुसरा सोला-बुस्का, पंधराव्या शतकाच्या शेवटचा, सगळे ७८ पत्ते शाबूत. इटली सरकारने तो २००९ मध्ये विकत घेतला, आता मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. त्याची छायाचित्रं १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती, आणि पामेलाच्या तलवारींच्या तिर्रीतलं तीन तलवारी घुसलेलं हृदय तिथूनच आलेलं दिसतं. दोन्ही डेक शेजारी ठेवून बघण्यात जी मजा आहे ती पंधरा सुटे डेक घेऊन येत नाही.

दुसरा धागा जुन्या फ्रेंच, मार्सेय पद्धतीचा : पत्ते बनवणारे झाँ नोब्ले, झाँ दोदाल, आणि १७६० चा निकोला काँव्हेर. यात छोट्या पत्त्यांवर प्रसंगचित्रं नसतात, नुसते कप आणि तलवारी मोजायच्या. पत्ते वाचणाऱ्यांना हे कोरडं वाटतं. पण खरं हातकाम बघायचं असेल तर इथंच, कारण आजही काही कारागीर हे डेक लाकडी ठसा आणि स्टेन्सिलने करतात.

तिसरा धागा एकाच चित्रकाराचा किंवा चित्रकारांनी स्वतः छापलेल्या डेकच्या पहिल्या आवृत्त्यांचा. किम क्रान्स यांचा ‘वाइल्ड अननोन’ आधी स्वतःच छापला होता, नंतर मोठ्या प्रकाशनाकडं गेला. अशा डेकच्या सुरुवातीच्या छपाया संग्राहक वेगळ्या भावाने घेतात. हा धागा सगळ्यात महाग पडतो, कारण रोज काहीतरी नवीन निघतं.

तिसरी पायरी : दारात पोचलेली किंमत काढा

वेबसाइटवर दिसते ती किंमत निम्मीच गोष्ट असते. समजा डेक ६० डॉलरचा, पाठवणी २५ डॉलर, आणि हिशोबाला डॉलर ९० रुपये धरला. डेकचे ५,४०० आणि पाठवणीचे २,२५० मिळून ७,६५० रुपये झाले. बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर साधारण २ ते ३.५ टक्के लावते आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे जास्तीत जास्त आणखी तीनशेच्या आसपास. मग कस्टम. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात आणि माल कोणत्या सदरात टाकला यावरही ठरतात, म्हणून मी एक ढोबळ नियम ठेवलाय : डेक आणि पाठवणी यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम ड्युटीसाठी बाजूला काढायची. इथं ३,८२५. एकूण ११,८०० च्या घरात. कुरिअर असेल तर त्यांचं क्लिअरन्सचं शुल्क वेगळं. ड्युटी कमी लागली तर उरलेले पैसे पुढच्या डेकला. हा आकडा बघून छातीत धस्स झालं नाही तरच ‘बाय’चं बटण दाबायचं.

पैसे उभे करायची कोल्हापुरी सोय म्हणजे भिशी. मंडळाची असो की बिल्डिंगमधल्या बायकांची, भिशी लागेल त्या महिन्यात मोठी खरेदी आणि बाकीचे महिने फक्त बघणं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर डेक घेऊ नये. हप्ता संपेपर्यंत दुसरा आवडलेला असतो.

कार्डाबद्दल एक किरकोळ पण अडणारी गोष्ट : रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात. मर्यादित आवृत्ती रात्री साडेनऊला खुली होऊन पंधरा मिनिटांत संपणार असेल तर हे काम दुपारीच उरकावं.

विक्रेत्याला ‘पाकिटावर गिफ्ट लिहा’ किंवा ‘किंमत कमी दाखवा’ असं सांगायचं नाही. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने आलेल्या भेटवस्तूंना ड्युटीमाफी राहिलेली नाही, आणि खोटी किंमत दाखवली तर दंडाची भीती वेगळी. शिवाय पार्सल हरवलं तर विम्याचे पैसे पाकिटावर लिहिलेल्या किमतीवरच मिळतात. दहा हजारांच्या डेकवर दहा डॉलर लिहिले असतील तर बसा बोंबलत.

चौथी पायरी : कुठून घ्यायचं

पहिली पसंती नेहमी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या दुकानाला. तो आपल्या डेकचा कागद, छपाई, प्रती, सगळं सांगू शकतो आणि एखादा पत्ता खराब निघाला तर बरेच जण सुटा पत्ता बदलून देतात. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारातून घ्यायचं असेल तर आधी एक-दोन तारे दिलेले अभिप्राय वाचावेत, मग पाच ताऱ्यांचे.

किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या साइटवर डेक घेणं ही खरेदी नाही, उचल देणं आहे. पैसे आज जातात, डेक वर्षभराने येतो, कधी दीड वर्षाने. पाठवणीचा खर्च बहुतेक वेळा नंतर वेगळा मागतात आणि तोपर्यंत दर वाढलेले असतात. चित्रकाराचा हा पहिलाच डेक असेल तर आधी सगळे ७८ पत्ते पूर्ण झालेत का बघा. बावीस मेजर पत्ते काढून मोहीम सुरू करणारे खूप, आणि कंटाळा येतो तो उरलेल्या ५६ मध्येच. काही हस्तनिर्मित डेक तर मुळातच फक्त २२ पत्त्यांचे असतात. त्यात गैर काही नाही, पण ते वर्णनात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं असतं आणि आपण फोटोच बघत बसतो.

जुना, छापायचा बंद झालेला डेक एखाद्या संग्राहकाकडून घ्यायचा असेल तर फोटो आपण सांगू तसे मागवावेत : आजची तारीख आणि आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी डेकशेजारी ठेवून एक, सगळे पत्ते पसरून एक, पाठी एक, कडा उभ्या धरून एक, डब्याचे चारही कोपरे. जो ‘एवढं कशाला’ म्हणतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. पैसे मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पर्यायाने मागितले तरी नकार द्यावा, कारण त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं.

पत्ता देताना पिनकोड, मोबाइल आणि जवळची खूण नीट द्या. कुरिअर कंपनी केवायसीसाठी पॅन किंवा आधार मागेल. त्यासाठी आलेली लिंक खरी आहे का ते कंपनीच्या साइटवर पार्सल क्रमांक टाकून तपासावं. टपालाने येणारं पार्सल मुंबई किंवा दिल्लीच्या परदेशी टपाल कार्यालयातून सुटतं आणि ड्युटी पोस्टमनच दारात घेतो. घरात आई एकटी असेल तर रोख ठेवून आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘पोस्टमनदादा साडेतीन हजार मागत होते, मी परत पाठवलं’ हे ऐकायची तयारी ठेवा.

पाचवी पायरी : खरा की नकली

लोकप्रिय डेकच्या नकला ढिगाने येतात. खुणा ठरलेल्या आहेत. पुस्तिका नसते, त्याऐवजी डब्यात क्यूआर कोड असतो. पत्ते मूळ आकारापेक्षा लहान, कागद पातळ आणि चकचकीत, रंग किंचित भडक किंवा किंचित मळके. डब्यावर प्रकाशकाचं नाव पुसट किंवा नाहीच. आणि किंमत : साडेतीन हजारांचा डेक साडेचारशेला कोणी देत नाही.

जुन्या डेकसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. गुजरीत सराफ डोळ्याला लावतात तसलंच चालतं. आजच्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची नियमित, फुलासारखी जाळी दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लिथोग्राफीत (दगडी ठशाच्या छपाईत) ठिपके अनियमित, विखुरलेले असतात. कोणी ‘१९१० चा आहे’ म्हणून विकतोय आणि भिंगाखाली नीटनेटकी जाळी दिसतेय, तर विषय तिथंच संपला. पामेलाच्या डेकच्या जुन्या छपायांचे अभ्यासकांनी पॅम ए, बी, सी, डी असे गट पाडलेत. विक्रेत्याने यातलं अक्षर सांगितलं तर कशावरून ते विचारावं. आणि १९७१ चा अमेरिकेतल्या यूएस गेम्स या प्रकाशनाचा डेक किंवा त्यांनीच २००९ मध्ये काढलेली शताब्दी आवृत्ती, दोन्ही घेण्यासारखी आहेत. फक्त त्यांना १९०९ च्या पंक्तीत बसवून भाव मागणाऱ्याला हसून निरोप द्यावा.

स्टेन्सिलचा रंग ओळखणं सोपं. रंग रेषेच्या थोडा बाहेर सांडलेला असतो, दोन पत्त्यांवर सारखा सांडलेला नसतो, आणि कडेला रंगाची बारीक उंच रेघ साचलेली असते. पत्ता उजेडात तिरका धरला की ती दिसते. जुन्या इटालियन पद्धतीच्या पत्त्यांत पाठीचा कागद पुढं दुमडून चिकटवलेला असतो, त्यामुळं चित्राभोवती उठावदार चौकट तयार होते. नख हळूच फिरवलं की पायरी लागते. हे छापून दाखवता येतं, पण नख फसत नाही.

कागदाचं शिक्षण मात्र लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्येच घ्यावं. आमच्या ओळखीच्या प्रेसवाल्या काकांना मी एक महागडा डेक दाखवला आणि कौतुकाने म्हटलं, ‘काका, चारशे जीएसएम आहे.’ (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) त्यांनी एक पत्ता उभा वाकवला, मग आडवा. मग दुसरा. ‘ताई, जीएसएम राहू दे. ह्येचा ग्रेन उभा हाय, ह्येचा आडवा. पावसाळ्यात ह्यो हिकडं वाकणार, त्यो तिकडं.’ कागदाचे तंतू ज्या दिशेने असतात तिकडं तो सहज वळतो. सगळ्या पत्त्यांची दिशा एकच हवी. छोट्या छपाईत कागद वाचवण्यासाठी काही पत्ते फिरवून मांडतात, तिथं ही भानगड होते. त्यानंतर मी दर डेकचे पाच-सहा पत्ते वाकवून बघते, अगदी हलक्या हाताने. जाडीपेक्षा ही तपासणी जास्त सांगते. शफल करायचा डेक असेल तर ३०० ते ३५० जीएसएम पुरतो. ४०० चा डेक हातात भारदस्त लागतो पण ७८ पत्त्यांची गड्डी आपल्या बायकांच्या मुठीत मावत नाही.

सहावी पायरी : पार्सल उघडताना

फोन स्टँडवर लावून व्हिडिओ सुरू करा, पाकिटाच्या सहाही बाजू दाखवा, मग कापा. तक्रारीला एवढाच पुरावा चालतो. डबा उघडल्यावर धुतलेल्या, कोरड्या हातांनी पत्ते कप, वाँड्स (काठ्या), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी) आणि मेजर असे लावून मोजावेत : १४ चे चार आणि २२. एक पत्ता दोनदा आणि दुसरा गायब, हे चांगल्या प्रकाशकांकडंही होतं. काही डेकमध्ये जादा पत्ते मुद्दाम दिलेले असतात, ते पुस्तिकेत पाहून घ्या.

डब्याच्या फितीवर लाखेचा शिक्का असेल तर? मी उघडते. न उघडलेला डेक विकताना जास्त पैसे मिळतात हे खरं, पण आत वेडावाकडा कापलेला पत्ता असेल तर तो पाच वर्षांनी कळून उपयोग नाही. शिक्का फोडायचा नाही. फीत जिथं डब्याच्या तळाशी जुळते तिथं पातळ ब्लेड सपाट सरकवून फीत सोडवायची. शिक्का अखंड फितीसकट निघतो आणि डब्यात ठेवता येतो.

सातवी पायरी : कोल्हापूरचा पावसाळा

परदेशातले सगळे सल्ले इथं फोल ठरतात, कारण त्यांना आपला जुलै माहीत नाही. आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे पंख्याखाली, मिठाला पाणी सुटलेलं. अशा हवेत कागद ओल पितो, पत्ते धनुष्यासारखे वळतात, कडांचा मुलामा चिकटतो आणि गडद छपाईवर पांढरी बुरशी येते.

शंभर-दोनशेपासून मिळणारं आर्द्रता मोजायचं डिजिटल यंत्र कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत असावा. ६५ च्या वर राहिला की बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत रंग बदलणारं सिलिका जेल, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. रंग बदलला की जेल कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं, मात्र ती कढई नंतर स्वयंपाकाला घ्यायची नाही. डबे मे महिन्याच्या कोरड्या हवेत बंद करावेत. जुलैत ‘जरा वारा लागू दे’ म्हणून उघडले तर ओलच आत कोंडते.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. रबर बँड नको, तो वितळून चिकटतो. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलीप्रॉपिलीनच्या चालतात. कसर लागू नये म्हणून वेखंडाची किंवा कडुनिंबाची पुरचुंडी कपाटात ठेवता येते, पण पत्त्यांना टेकवून नाही, डाग पडतात. डांबरगोळ्या नकोतच. आणि डेक देवघरात ठेवायची हौस असेल तर तिळाच्या तेलाची काजळी आणि उदबत्तीचा धूर वर्षभरात कागदाचं काय करतो ते आधी एखाद्या जुन्या पोथीवर पाहा.

पत्ते ओले झालेच तर उन्हात टाकू नका, कागद तडकतो आणि रंग उडतो. टिपकागदात एकेक पत्ता घालून, वर सपाट वजन ठेवून, पंख्याखाली. टिपकागद दर काही तासांनी बदलायचा.

पुराचं वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने काय केलं ते शाहूपुरीतल्या तळमजल्यावाल्यांना विचारा. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. तुमचं घर पूररेषेजवळ असेल तर पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्या पुढं गेल्याची बातमी येताच डबे वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडं. त्यासाठी सगळा संग्रह दोन हातांनी उचलता येतील अशा डब्यांतच असावा.

आठवी पायरी : सावंतवाडीला जाऊन या

परदेशी हस्तकामासाठी पैसे साठवत असतानाच आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला जावं. तिथल्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे आपल्याकडचे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवताना बघायला मिळतो. टॅरोशी त्याचं थेट नातं सांगत बसू नये, पण हाताने बनवलेला पत्ता म्हणजे काय ते इथं जसं कळतं तसं कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत बारा पत्ते, म्हणजे १२० गोल पत्ते. नवग्रह गंजिफा १०८ चा, मोगल गंजिफा ९६ चा. ही कला विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली.

जवळून बघा. चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेला पृष्ठभाग, त्यावर सपाट रंग, आणि त्यावर एका दमात ओढलेली बारीक रेघ. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे असतात. सातही एकाच हाताचे, पण एकाची शेपटी किंचित वर, एकाचा डोळा किंचित मोठा. वरून लाखेचा लेप. पत्ता कानाजवळ हलकेच टिचकी मारून पाहिला तर कागदाचा नव्हे, पातळ लाकडाचा आवाज येतो. घेताना पूर्ण संच आहे की शोभेचे सुटे पत्ते ते विचारा, प्रत्येक अवताराचे बारा मोजा, आणि सरकत्या झाकणाचा रंगवलेला डबा त्याच संचाचा आहे का बघा. पूर्ण संच तयार नसेल तर ऑर्डर देऊन थांबावं लागतं. थांबा. या कामात घाई केली की रेघ बिघडते.

नववी पायरी : स्वतःसाठी करून घेणं

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं गाव. चित्रकला शिकलेली मुलं इथं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडून एकमेव प्रतीचा डेक करून घेता येतो. पण ७८ चित्रं म्हणजे आठवड्याला एक धरलं तरी दीड वर्ष. म्हणून आधी फक्त २२ मेजरचा करार करा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि लिहून घ्या : मूळ चित्रं कोणाकडं राहणार, चित्रकार पुढं त्याच्या प्रती छापू शकतो का, किती. हुन्नरी मुलांना ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणून फुकट राबवणारे या गावात कमी नाहीत, त्यांच्यात भर घालू नका.

पामेलाची १९०९ ची रेखाटनं आधाराला घ्यायला हरकत नाही. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि भारतात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नंतरच्या प्रकाशकांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या मात्र तशाच उचलायच्या नाहीत.

दहावी पायरी : वही

प्रत्येक डेकची एक नोंद : नाव, चित्रकार, आवृत्ती, प्रत क्रमांक, कोणाकडून, कधी, दारात पोचलेली किंमत, पत्त्यांची मोजणी, दोष, आणि पावती कुठं आहे. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. घराचा विमा असेल तर असा संग्रह बऱ्याचदा स्वतंत्रपणे जाहीर करावा लागतो, ते एजंटला विचारून घ्या.

ही वही खरी कामाला येते विकताना. भारतातल्याच खरेदीदाराला दिला तर त्याची ड्युटी वाचते, म्हणून छापायचे बंद झालेले डेक इथं लवकर जातात. दोष आधीच सांगा, फोटोत दाखवा. पाठवताना डेक प्लास्टिकमध्ये, मग बबल रॅपमध्ये, मग सगळ्या बाजूंनी दोन बोटं जागा राहील अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात. ती जागा कागदाच्या बोळ्यांनी घट्ट भरा आणि खोकं हलवून आवाज येत नाही ना बघा. विमा काढून स्पीड पोस्टने, आणि जून ते सप्टेंबर या काळात पाठवणार असाल तर सिलिका जेलची एक पुडी आत टाका.